गहू तुझे, बिअर किशोरभाऊची

सुमन,

काल विहारातली मंडळी येऊन गेली. रविवारी तुझं पुण्यानुमोदन. माईकवरून वाचायला त्यांना तुझी माहिती पाहिजे होती. जन्म कधीचा, शिक्षण किती, समाजासाठी काय केलं. मी म्हटलं, जन्म तिच्या बापालाही ठाऊक नव्हता, पेरणी चालू होती एवढंच तो सांगायचा. शिक्षण दुसरी. समाजासाठी काय केलं ते तुमच्या बायकांना विचारा, बुद्धवंदना त्यांना तिनेच शिकवली. एकाने हे सगळं लिहून घेतलं, मग पेन तसंच धरून विचारलं, "आबा, राग नका मानू. पण अक्का एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसून वंदना म्हणायच्या, मग एकाएकी मागे का गेल्या?"

मी म्हटलं, गुडघे. मागे भिंतीला टेकायला मिळायचं.

खोटं बोललो. चौथं शील मोडलं, आणि तेही तुझ्याच कार्यक्रमाच्या बोलण्यात. पण माझं तोंड तूच बांधून ठेवलेलं. "कोनले सांगू नको," असं तू हायवेच्या कडेला उभी राहून म्हणाली होतीस, आणि मी नाही सांगितलं. मुलालासुद्धा नाही. तू होतीस तोवर ते जड गेलं नाही. आता जातंय, आणि ते शांताबाईमुळे.

तुला नेलं त्या दिवशी शांताबाई आली होती. आत आली नाही. समोरच्या लिंबाखाली चप्पल पायातच ठेवून उभी राहिली. सूनबाई म्हणाली, "मावशी, या ना आत," तर मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. सगळ्या नशिराबादला माहीत आहे की तुम्ही दोघी बोलत नव्हता. तिला वाटतं तू तिच्यावर रुसून मागे गेलीस. तिला तुझी जागा पाहिजे होती, असं कोणीतरी तुझ्या कानात घातलं, असं ती धरून बसलीय. तुझ्याकडूनच ती वंदना शिकली, तिच्या बोळक्या तोंडातून पालीचे शब्द निघत नव्हते तेव्हा तू तिला चुलीपुढे बसवून घोकून घेतलंस, आणि तिचीच जागा लिंबाखाली. हे मला बघवलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चिखलातून कोंबडी गेल्यासारखं. पण तोंडाने बोलायला आता समोर कोण आहे.

मला तुझ्याशी आधी भांडण संपवायचंय. मग शांताबाईचं बघू.

नानांचं हॉटेल आठव. हायवेवर, आपल्या वस्तीपासून चालत जाण्यासारखं. पुढे बाग, बागेत कारंजं, मागे परमिट रूम. कारंज्याची टाकी मी बांधली होती. बांधकाम संपलं तरी नानांनी मला ठेवून घेतलं, बागेला पाणी घालायला आणि गळकं-फुटकं बघायला. तू स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर धान्य निवडायला यायचीस, आणि शांताबाई मसाला कुटायला. परमिट रूमच्या बाजूने जायचं झालं की तू डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून जायचीस. मी म्हणायचो, बाटल्या काय उडी मारणार आहेत का. तू म्हणायचीस, "तू गप ऱ्हाय."

साक्रीकडची तू. इतकी वर्षं इकडे राहिलीस पण बोली सोडली नाहीस. आमच्याकडे नवऱ्याला अहोजाहो करतात, तुझ्याकडे नाही, म्हणून आईने पहिले काही महिने तोंड वाकडं केलं होतं. मला मात्र ते आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही.

नानांचा किशोर परदेशातून आला तो उन्हाळा. फैजपूरला त्यांच्या केळीच्या बागा, घरात कशाला कमी नाही, आणि पोरगा तिकडे यंत्रांचं काही शिकून आला आणि येताना डोक्यात बिअर घेऊन आला. म्हणे तिकडे गावागावांत हॉटेलवाले स्वतःची बिअर करतात, गव्हाची. आपणही घरच्या लोकांपुरती करून बघू, विकायची नाही. नाना म्हणाले, "केळी विकायची सोडून हे काय काढून राह्यला." पण एकुलता पोरगा. कोण अडवणार.

तुला त्याने बिअरचं नाव सांगितलं नाही, हे मी आजही म्हणतो. तुझ्यापाशी आला आणि म्हणाला, "काकू, एक पोतं गहू निवडून भिजवून ठेवा. मी फैजपूरहून आलो की बघतो." तू विचारलंस, कशासाठी. तो म्हणाला, "एक पेय करायचंय, गव्हाचं." तू समजलीस सरबतासारखं काहीतरी असेल. हसू नको, मीही तेच समजलो होतो.

आणि भिजवून ठेवा म्हटल्यावर खानदेशातली बाई दुसरं काय करणार. उन्हाळा, गहू, भिजवणं, म्हणजे कुरडया. तू ओट्यावरच्या टाकीत पोतंभर गहू भिजत घातलेस. दुसऱ्या दिवशी पाणी बदललंस. तिसऱ्या दिवशी परत बदललंस. किशोरचा केळीचा ट्रक कुठे तरी अडकला म्हणून तो वेळेवर आलाच नाही, आणि तू आपली मन लावून गहू आंबवत बसलीस. ओट्यावर तो वास सुटला, कुरडईच्या चिकाचा, आंबूस, थोडा दुधासारखा. स्वयंपाकघरातला आचारी नाक धरून फिरायचा. तू त्याला म्हणालीस, "तुन्ही मायनी कधी कुरडया करात नही का?"

किशोर आला, टाकीत हात घातला, वास घेतला. त्याला पाहिजे होते रात्रभर भिजवून मोड आणलेले गहू. म्हणाला, "काकू, हे काय?" तू अगदी समजावून सांगितलंस, आता वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचं. पोरगा खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तुला वाटलं तो रडतोय. तू पदराने हात पुसत म्हणालीस, "भाऊ, मन्ही चूक व्हयनी का?" तो म्हणाला, नाही काकू, आता हेच घेऊ. तिकडे आंबट बिअर पण पितात लोक, पैसे देऊन पितात.

"बिअर" हा शब्द तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. तू ऐकलास का नाही, हे तुझं तुला माहीत. मी ऐकला. पण मी तेव्हा बादल्या उचलत होतो आणि मला वाटलं ऐकणारीने ऐकलं असेल.

त्याने आणलेलं मोडाचं जव घालून ते सगळं उकळलं, गाळलं, खमीर टाकलं आणि फवारणीचा नवा कोरा निळा ड्रम होता त्यात भरलं. ड्रम माझ्या कारंज्याच्या टाकीशेजारी वाळूत अर्धा पुरला, वरून ओलं गोणपाट. त्या गोणपाटावर पाणी मारायचं काम माझं. तू येता-जाता विचारायचीस, "जयं का ते सरबत?" मी म्हणायचो, होतंय. यात मी काही खोटं बोललो नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. होतच होतं.

मग ती संध्याकाळ. नाना, त्यांचे दोन व्याही, किशोर, आचारी, मी. किशोरने मला पण ग्लास दिला, कारण पाणी मी मारलं होतं. तू आणि शांताबाई स्वयंपाकघराच्या दारात. ड्रमची तोटी उघडली आणि ग्लासात वरून हातभर फेस. तू तो फेस बघितलास. तुझा चेहरा मी बघितला. नानांनी एक घोट घेतला, तोंड आवळलं, मग दुसरा घेतला. म्हणाले, "आंबट आहे तं. पन बरं आहे." व्याह्यांनी दोन-दोन ग्लास लावले आणि एकजण कारंज्यापाशी उभा राहून गाणं म्हणायला लागला. त्याला गाता येत नव्हतं. तू पदर डोक्यावर घेतलास आणि घरी निघालीस. मी ग्लास संपवला आणि तुझ्यामागे आलो. अर्धा टाकून येता आलं असतं. नाही टाकला.

हायवेला तू थांबलीस. ट्रक जाईपर्यंत थांबलीस, मग म्हणालीस, "ती दारू व्हती का?"

"बिअर होती."

"बिअर म्हंजे दारूच ना?"

"तशी हलकी असते."

"हलका इच्चू चावना तरी चावनाच ना."

मी म्हटलं, तू कुठे प्यालीस. तू फक्त गहू भिजवलेस. गहू भिजवणं कधीपासून पाप झालं. तू म्हणालीस, "पेनारा एकदाव पेस. करनारा धा जनले पाजस." मी म्हटलं, करणारा किशोर. तू म्हणालीस, "गहू कोनी आंबाडा?" मी चिडलो. मी म्हटलं, विहारात पाचवं शील, दारू न पिण्याचं, म्हणायच्या वेळी मला खोकला येतो हे सगळ्यांना माहीत आहे, तुला पण, तेव्हा तुझं शील मोडलं का? तू म्हणालीस, तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.

मग हायवेच्या कडेने चालता चालता तू जे विचारलंस ते का विचारलंस हे मला आजपर्यंत कळलं नाही. खाली मान घालून, हळूच. "पन कशी लागनी?"

मी रागात होतो. मी म्हटलं, "घोड्याच्या मुतासारखी."

तुला वाईट वाटलं. दारू केली म्हणून वाईट वाटतच होतं, त्यावर दारू वाईट झाली म्हणून अजून वाईट वाटलं. तुझ्या हातच्या गव्हाला मी नाव ठेवलं. दोन्ही गोष्टींचं दुःख एका बाईने एका वेळी कसं करायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रात्री जेवली नाहीस. त्याआधी हायवेच्या कडेलाच थांबून "कोनले सांगू नको" म्हणालीस, ते दारू केली म्हणून का वाईट झाली म्हणून, तेही मी विचारलं नाही.

तर आता सांगतो कशी लागली. आधी जिभेच्या कडेला चावली, कच्च्या चिंचेसारखी. मग नाकात फुगे गेले. मग मागून आली ती भाकरी नाही, पोळी नाही, कुरडईचा गरम चीक असतो ना वाटीत तूप-मीठ घालून, पोरं ज्यासाठी भांडतात, तशी चव. पण थंड. उन्हाळ्यात सगळं अंग तापलेलं असताना ती थंड, आंबट, तुझ्या हातची. चांगली होती, सुमन. मी नंतर परमिट रूममधल्या बाटलीतली पण पिऊन बघितली, तिला काही चव नव्हती. किशोरने पुढच्या वर्षी नीट मोड आणून परत केली, ती गोड झाली आणि कोणी दुसरा ग्लास मागितला नाही. मग तो नाद त्याने सोडला.

हे मी त्या दिवशी बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस? "चांगली व्हती म्हंजे अजून जास्त पाप," असं म्हणाली असतीस. म्हणजे मी कुठूनही हरलोच असतो. तरी सांगायला पाहिजे होतं.

पुढच्या पौर्णिमेला तू विहारात गेलीस आणि मागे भिंतीशी जाऊन बसलीस. बायका वळून बघायला लागल्या. वंदना सुरू तर व्हायला पाहिजे. कोणीतरी शांताबाईला पुढे ढकललं. तिने एकदा तुझ्याकडे बघितलं, तू डोळे मिटलेले. तिने सुरू केलं. तू मागून सगळ्यांबरोबर म्हणत होतीस, पण पाचव्याला तुझे ओठ मिटले. मी पुरुषांच्या बाजूने बघत होतो. त्यानंतर दर वेळी बघायचो. चार शीलं तू मोठ्याने म्हणायचीस आणि पाचव्याला गप्प. माझा खोकला तिथे, तुझं गप्प तिथे. आपण नवरा-बायको असल्याचं त्या एका ओळीवरून कोणालाही कळलं असतं, कोणी बघत असतं तर.

शांताबाई नळावर तुझ्याशी बोलायला आली होती. तू म्हणालीस, "तू चांगलं म्हनस, तूच म्हन." तुझ्या मनात ते खरं होतं. तिला तो टोमणा वाटला. तुझ्या बोलण्यात लाडही तसाच असतो आणि टोमणाही तसाच, हे मला कळायला संसार गेला, तिला नळावर कसं कळणार? ती हंडा अर्धाच भरून गेली. तुझं कारण तू सांगणार नाहीस, आणि ती विचारणार नाही. मी मध्ये पडलो असतो तर तू माझी भाकर बंद केली असतीस.

सूनबाईने तुझ्या साड्या गाठोड्यात बांधल्या, वाटायला. एक मला पाहिजे होती, ती हिरव्या काठाची, पण मागितली नाही. कशाला म्हणून विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मुलगा म्हणतो, धुळ्याला चला. जाईन बहुतेक. धुळ्याच्या लोकांची बोली तुझ्यासारखी आहे, बाजारात गेलो तर मागून तुझ्यासारखं कोणीतरी बोलेल, याची मला जरा भीतीच वाटते.

आज सकाळी मी शांताबाईकडे गेलो.

हे तुला आवडणार नाही. मी रात्रभर तुझ्याशी भांडलो आणि तू काही बोलली नाहीस, म्हणून मी तो होकार धरला. ती अंगणात बसून मिरच्यांचे देठ काढत होती. मला बघून उठली, पाट दिला. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, टाकीतले गहू, किशोर, ड्रम, फेस, हायवे. म्हटलं, ती तुझ्यावर रुसली नव्हती. तिला वाटलं तिच्या हाताने दारू झाली, म्हणून तिने स्वतःला मागे नेऊन बसवलं. तुझा काही संबंध नाही. झालं. आता घरी ये.

शांताबाई परत मिरच्यांपाशी बसली. मग म्हणाली, "आबा, ती तं मी पन पिली होती."

मी म्हटलं, काय?

"तुम्ही दोघं गेले ना, मंग. आचाऱ्यानं गिलास दिला. मी म्हटलं बघू तं खरं, सुमनबाईच्या हातचे गहू आहे. दोन गिलास पिले. मले चांगली लागली. आंबट-आंबट." मिरच्यांचे हात तिने डोळ्यांना लावले असते, मी तिचा हात धरला. "मले माहीत होतं ते काय आहे. मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

मी म्हटलं, "अन् मग पौर्णिमेला तू पुढे बसून पाचवं शील म्हटलंस?"

"म्हटलं ना."

"कसं म्हटलं?"

ती म्हणाली, "कसं म्हंजे? मोडलं होतं म्हनून म्हटलं. मोडतं म्हनून तं दर वेळी घेतो ना आपन. मोडलंच नसतं तं एकदा घेऊन मोकळं नसतो का झालो?"

मग ती रडली. मी पाटावर बसलो. एवढं साधं. तुला हे भाकरीएवढं साधं करून सांगेल अशी बाई शेजारच्या गल्लीत होती, तुझीच शिकवलेली, आणि तू भिंतीला टेकून ओठ मिटून बसलीस. एका शब्दाने विचारलं असतंस तर तिने तुला हेच सांगितलं असतं, आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या. माझ्या डोक्यात हे आलं नाही. मला फक्त एवढंच सुचायचं की ती दारू नव्हती. तू बरोबर होतीस, ती दारू होती. मी हरलो. पण तुझंही पुढचं चुकलं.

शांताबाई माझ्याबरोबर घरी आली. लिंबापाशी थांबली नाही, सरळ आत. तुझ्या फोटोपुढे बसली आणि आधी शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही, विहारातल्या लोकांनी वाचायला मागितलं तर पंचाईत. मग म्हणाली, "येडे, इचारायचं नव्हतं का." मग सूनबाईला म्हणाली, चहा टाक, जास्त साखरेचा. चहा पिऊन तिने वंदना सुरू केली, एकटीनेच, खालच्या आवाजात. मी दाराशी उभा होतो. चार झाली. पाचव्याला ती थांबली, फोटोकडे बघितलं, जसं तू पुढे म्हणशील आणि ती मागून म्हणेल, तसं.

मग पाचवं मी म्हटलं. मला पाठ नाही नीट, दोन शब्द चुकले, शांताबाईने दुरुस्त केले. खोकला आला नाही.